अनुमानास्पद

ती वही मी अजून फाडलेली नाही. फाडावीशी पुष्कळदा वाटली, पण फाडली तर माझी चूक मलाच सापडणार नाही, म्हणून ठेवली आहे.

सिकंदराबादच्या एका शाळेत मी ऑफिसचं काम बघते. नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून इथं येऊन सहा वर्षं झाली, तरी माझं तेलुगू भाजीबाजारापुरतंच आहे. इंग्रजीही कामापुरतं. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना मात्र कामापुरतं चालत नाही. मागच्या वर्षी माझा एक रिपोर्ट त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. "कितनी सिंपल इंग्लिश है!" म्हणाल्या, आणि लोक हसले. सिंपल ही शिवी असते हे मला त्या दिवशी कळलं. तिथल्या तिथे दोन शब्द सुनावायला हवे होते. ते सोडून मी काय केलं, तर नारायणगुड्याच्या एका क्लासला नाव घातलं. इंग्रजी शब्दसंग्रह, तोही 'ॲडव्हान्स्ड'.

शाळा सुटली की क्लास आणि मग बसनं तारनाक्याला घरी. क्लासमध्ये रोज वीस शब्द. शब्द, त्याच्यापुढे अर्थ, की पुढचा शब्द. तो कुठे शोभतो, कुठे डसतो, याबद्दल एक अक्षर नाही. वाण्याच्या यादीत तरी किती किलो ते लिहिलेलं असतं! सर सांगायचे, साधे शब्द साध्या माणसांसाठी. रोज एक नवा शब्द लिखाणात वापरलाच पाहिजे. छापील कागदावर अर्थ तेलुगूत. मला ती लिपी येत नाही, म्हणून शेजारच्या बाकावरची मुलगी वाचून दाखवायची आणि मी त्या वहीत देवनागरीत उतरवून घ्यायची. इनएव्हिटेबल, अनिवार्यम्. इफेमरल, क्षणिकम्. अरे, हे तर आपलेच शब्द, म्हणून मी हुरळून गेले. एका संध्याकाळी ड्युबियस आला. मुलीनं वाचलं, 'अनुमानास्पदम्'. काय भारदस्त! मी लिहून घेतलं आणि मनाशी अर्थ लावला : अनुमानानं सांगता येण्याजोगं. कुणालाही विचारलं नाही. विचारायचं कशाला, संस्कृत तर येतं ना आपल्याला!

त्याच आठवड्यात शाळेच्या प्रयोगशाळेतला एक मायक्रोस्कोप दिसेनासा झाला. त्या दिवशी तिथं कोण कोण गेलं होतं त्याचा रिपोर्ट मला लिहायला सांगितला. शिक्षकांच्या सह्या रजिस्टरमध्ये होत्या. आयम्माची नव्हती, कारण तिची सही कुणी कधी घेतच नाही. आयम्मा म्हणजे आमच्या शाळेत झाडलोट करणारी, बालवाडीच्या पोरांची नाकं पुसणारी बाई. माझ्या आधीपासून इथं आहे. मला वांग्याला, भेंडीला तेलुगूत काय म्हणतात ते तिनंच शिकवलं. लॅबची फरशी झाडलेली होती, म्हणजे ती नेहमीसारखी येऊन गेली असणार, असं माझं साधं अनुमान. तिचं रोजचं काम तिच्या नावावर लागावं, एवढाच हेतू. मी ऐटीत लिहिलं, 'आयम्माज व्हिजिट टू द लॅब इज ड्युबियस.'

मुख्याध्यापिकाबाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली. "अब हुई ना बात! ये है इंग्लिश." मी खूश झाले. हो, झाले खूश, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी आयम्माला फाटकावरूनच परत पाठवलं. ऑफिसात एकदा विचारून येते, असं सांगून ती कशीबशी आत आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली. माझ्याशी ती नेहमी इथल्या हिंदीत बोलते. त्या दिवशीही तसंच बोलली, फक्त एक शब्द तिच्या भाषेतला आला.

"मेरे पे अनुमानम् क्या, मॅडम?"

तिचे डोळे भरलेले होते. त्या डोळ्यांकडे बघून मला अनुमानम् चा अर्थ कळला. संशय. अनुमानास्पदम् म्हणजे संशयास्पद. वीस-वीस शब्द पाठ करून जे कळलं नव्हतं, ते तिनं एका प्रश्नात शिकवलं.

मी तडक मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, बाई, चूक माझी आहे, मला असं म्हणायचंच नव्हतं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, लिहिलंय तर तसंच. मी विचारलं, तुम्हाला तर शब्दाचा अर्थ येत होता, मग मला एकदा विचारलंत का नाही, कशावरून म्हणून? इतकी वर्षं राबलेली बाई एका विशेषणावर घरी बसवायची? त्यांनी पुढची फाइल ओढली. शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात. इथं शहाणपण माझं आणि मार तिला.

चार दिवसांनी मायक्रोस्कोप सापडला. जीवशास्त्राच्या सरांनी दुरुस्तीला दिला होता आणि नोंद करायचं विसरले होते. त्यांना कुणी फाटकावर अडवलं नाही. 'चलता है' म्हणून सगळे चहा प्यायले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नवा रिपोर्ट लिहून बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि तो फाइलला लागेपर्यंत तिथून हलले नाही. त्यात एकच ओळ होती : आयम्मा रोजच्यासारखी झाडायला गेली होती. "फिर से सिंपल," बाई पुटपुटल्या. म्हटलं, हो. सिंपलच.

आयम्मा परत कामावर आली. मी तिची हात जोडून माफी मागितली. "जाने दो मॅडम," म्हणाली. पण तेव्हापासून लॅब झाडायची वेळ झाली की ती झाडू घेऊन आधी माझ्या टेबलापाशी येते. मला सोबत नेते आणि दारात उभं करते.

"देखते रहो, मॅडम."

बाकाखालचा कचरा काढून, झाडू झटकून ती बाहेर येईपर्यंत मी तिथं उभी असते.