गिरणीतली कुजबूज

सन २०२२. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, शाळा तिसरीपर्यंत, पण चाळीस वर्षं भातगिरणीत काढलेली. तंजावरच्या राजवाड्यामागं आमच्या गल्लीत वाचनालयाचा एक कारकून राहतो. रोज संध्याकाळी तो ओट्यावर बसून मला एक जाड तमिळ कादंबरी वाचून दाखवी आणि अर्थ आपल्या मराठीत सांगे. परदेशातल्या गिरणी कामगारांची जुनी गोष्ट, तमिळमध्ये आणलेली. पान संपलं की चष्मा पुसायचा, "कळलं की, अण्णा?" म्हणायचा, आणि मी हो म्हटल्याशिवाय पान उलटायचा नाही.

एका पानावर दोन कामगार चालू यंत्रापाशी कुजबुजले.

"खोटं," मी म्हणालो. "गिरणीत कुजबूज ऐकू येत नाही. आम्ही ओठ बघून बोलायचो."

"शंभर वर्षं लोक वाचतात हो हे!"

"वाचू देत. उभे राहिलेत का तिथं?"

दुसरा कुणी हसला असता. यानं चष्मा पुसला आणि पुस्तक मिटलं. "मग दाखवा, अण्णा. तोवर पुढं वाचायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला माझ्या जुन्या गिरणीत नेलं, चालू यंत्रापाशी उभं केलं आणि त्याच्या कानाशी कुजबुजलो. तो काहीतरी बोलला. आवाज आला नाही, पण ओठ मी स्वच्छ वाचले: "काय म्हणालात, अण्णा?"