मला बंबातून उतरवलं, तो दिवस

माझी नात मानसशास्त्र शिकते. आगवाले, अॅम्ब्युलन्सवाले, पोलीस यांच्या मनाची काळजी घ्यायची नोकरी तिला करायची आहे. परवा तिने विचारलं, "आजी, तुला ते काम मिळालं कसं? मुलाखतीत काय सांगितलंस?"

म्हटलं, "खोटं बोलले. या माणसांशी कसं बोलायचं ते मला ठाऊक आहे, असं म्हणाले."

नात हसली. तिला वाटलं, आजी नम्रपणा करते आहे. नम्रपणा माझ्या अंगाला कधी लागलेला नाही. ते खरोखरच खोटं होतं.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. आज सत्तरीच्या दारातून बघितलं तर पोरवयच. अकोल्याच्या एका दवाखान्यात मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून वीसेक वर्षं काढली होती, त्यामुळे जगातल्या सगळ्या दुःखांवर आपला शिक्का आहे असा बाईंचा समज. अमरावतीकडच्या एका अग्निशमन केंद्रात कंत्राटी समुपदेशक घेणार असं कळलं आणि मी अर्ज टाकला. आमचे हे म्हणाले, "आग लागली की लोक पाणी मागतात. तुला कोण बोलावणार?" मी रेल्वेचं वेळापत्रक काढून बसले.

सकाळी अकोल्यातल्या जठारपेठेतल्या घरून निघायचं, बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे ऑटो. पर्समध्ये चार पानांची छापील प्रश्नावली. पहिला प्रश्न मला अजून पाठ आहे: "गत पंधरवड्यात आपणांस भावनिक रितेपणा जाणवला काय?" हा प्रश्न मी वऱ्हाडातल्या फायरमनला विचारणार होते. रितेपणा! त्यांच्याकडे रिती होते ती फक्त पाण्याची टाकी, आणि ती लगेच भरून ठेवतात.

केंद्रप्रमुख साहेबांनी मला एक खोली दिली. मी त्यांना सांगितलं, "सकाळच्या हजेरीत रोज एकेकाचं नाव पुकारा आणि माझ्याकडे पाठवा."

"हजेरीत पुकारू? सगळ्यांसमोर?"

"हो. शिस्त हवी."

साहेब काहीतरी बोलणार होते. मी बोलू दिलं नाही.

पहिला फायरमन आला तो कडक इस्त्रीच्या गणवेशात. सॅल्यूट ठोकला आणि टेबलावर घडी घातलेला कागद ठेवला.

"हे काय?"

"खुलासा, मॅडम."

म्हणजे असं, की त्या केंद्रात हजेरीच्या रांगेतून नाव पुकारून बाजूला घेतलं तर त्याचा एकच अर्थ असे: काहीतरी चुकलं, आता मेमो मिळणार आणि लेखी खुलासा द्यावा लागणार. म्हणून शहाणा माणूस तो आधीच लिहून नेई. अकरा दिवसांत अकरा जण आले, अकरा खुलासे आले. एकाने हरवलेली बादली कबूल केली. ती बादली हरवली आहे हे तोवर कुणाला माहीतही नव्हतं. प्रश्नावलीवर मात्र सगळ्यांचं उत्तर एकच, "सगळं बरोबर हाये, मॅडम."

कुणीही शहाणी बाई इथे थांबली असती. मी हरखले. महिन्याच्या अहवालात लिहिलं, "कर्मचारी लेखी स्वरूपात मोकळे होत आहेत. सर्व कागद सोबत जोडले आहेत. पुढील कार्यवाहीस शिफारस आहे." खाली झोकात सही. त्या अकरांतला एकही कागद मी धड वाचला नव्हता. आणि माणसाचं सांगणं गुप्त ठेवावं, या विषयावर मी कॉलेजात व्याख्यानं देत असे.

आठवड्याने साहेबांनी बोलावलं. त्यांच्यापुढे वरून आलेला कागद होता.

"मॅडम, आमच्या ड्रायव्हरले पाणीपुरवठ्यात पाठवाची शिफारस तुमी केली?"

"मी? नाही हो."

"ही सही कोनाची हाये मंग?"

सही माझीच होती. शेवटच्या पानापर्यंत झोकदार.

हा ड्रायव्हर म्हणजे केंद्रातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात हुशार. पंचेचाळिशीचा, हाडाने रुंद, बोलायला कंजूष. दोन महिन्यांपासून पाठ दुखते म्हणून तो बंब चालवत नव्हता, नुसता धूत होता. त्याचा खुलासा मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. सात ओळी होत्या. शहराबाहेरच्या कापसाच्या एका जिनिंगला आग लागली होती. जायला दोन रस्ते, एक रेल्वे फाटकाचा, जवळचा, आणि एक उड्डाणपुलावरून, लांबचा. "मी फाटकाचा रस्ता घेतला. फाटक बंद झाले. मागे गाड्या लागल्या. पोहोचलो तेव्हा रखवालदार धुरात गुदमरून गेला होता. रस्ता मी निवडला होता. सबब मला गाडीवरून कमी करावे."

अकरांतला एक माणूस खरं बोलला होता, आणि मी त्यावर शिफारस ठोकली होती.

"बदलीचा आदेश महिनाअखेर निघन," साहेब म्हणाले. "त्याच्या आत थो वर्दीवर गाडी घेऊन गेला, तं मी आदेश थांबवतो. नाही तं गेला थो." वर्दी म्हणजे आगीचा निरोप. निरोप आला की घंटा होते आणि बंब निघतो.

मी तडक अंगणात गेले. आगीवरून परतलेले होजपाइप फरशीवर पसरून घासत होते सगळे. ते घासून, धुऊन, उंच मनोऱ्यावर वाळत टाकल्याशिवाय कुणी जेवायला जात नाही. ड्रायव्हर टोकाला एकटा ब्रश चालवत होता. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि पुस्तकातलं वाक्य काढलं, "भाऊ, यात तुमचा काहीही दोष नाही."

त्याने वर बघितलं. "तुमी होत्या काय तिथं?"

"नाही."

"मंग काहून बोलून राहिल्या?"

जाऊ शकले असते, पण अडीच तासांनी परतीची रेल्वे होती आणि हे तोंड घेऊन खोलीत बसायची लाज वाटत होती. म्हणून खाली बसले आणि दुसरा ब्रश घेतला. पाइप घासणं हे आयुष्यात केलेलं नव्हतं. मी जिकडे घासलं होतं तिकडून तो पुन्हा घासत येत होता. अर्धा पाइप झाला. मग त्यानेच विचारलं, "माझा अर्ज मंजूर झाला म्हंतात?"

"माझ्या मूर्खपणामुळे. न वाचता सही केली मी."

"न वाचता?" त्याचा ब्रश थांबला, आणि तो हसला. केंद्रात त्याचं हसणं दोन महिन्यांनी ऐकू आलं, असं मला नंतर बाकीच्यांनी सांगितलं. "तुमी तं आमच्याहून बेकार निंघाल्या, काकू."

मॅडमची काकू झाले ती तिथे. मी विचारलं, "तुम्हाला गाडी सोडायची आहे का, भाऊ? खरं सांगा, मी लिहून घेणार नाही."

"मले गाडी सोडाची नाही. गाडीच मले घेत नाही. घंटा झाली का हात असे होतात." त्याने ओले पंजे पुढे धरले. लाकडासारखे आखडून दाखवले. "पुढं फाटक दिसते. बंद."

हे मात्र मला येत होतं. वीस वर्षं दवाखान्यात उगाच घालवली नव्हती. ज्याला भ्यायचं त्याच्याकडे पळत जायचं नाही आणि त्याच्यापासून पळायचंही नाही. एकेक पायरी, रोज, आणि सोबत कुणीतरी. त्याला मी समजावून सांगितलं तर म्हणाला, "सोबत कोन?"

"मी."

"बंबात? तुमी?"

बंबाची पायरी माझ्या कमरेपर्यंत येत होती. पहिल्या दिवशी मला चढवायला दोघे लागले, आणि मागून सल्ले देणारे नऊ. "काकू, पदर वर घ्या!" "काकू, उजवा पाय, उजवा!" "अरे, शिडी लावा रे, वर्दी समजून!" मी आत पडले ती सीटवर नाही, गिअरवर. ड्रायव्हर इतका हसला की भ्यायचं विसरला. ती आमची पहिली पायरी.

इंजिन बंद ठेवून नुसतं बसायचं, पाच दिवस. मग साहेबांनी घंटा वाजवायची, आम्ही जागचं हलायचं नाही. त्याचे हात आखडत. मी म्हणे, "आखडू द्या. किती वेळ आखडतात ते बघू." तो श्वास मोजे, मी घड्याळ बघे. पहिल्यांदा नऊ मिनिटं लागली. मग सहा. मग इंजिन सुरू करून. मग दारापर्यंत. पाइप धुताना बाकीचेही आता काही काही बोलू लागले होते, माझ्याशी नाही, पाइपाशी, पण मला ऐकू येईल असं. प्रश्नावली मी घरी नेली. मागची बाजू कोरी होती, किराण्याच्या यादीला कामी आली.

महिना संपायला तीन दिवस उरले तेव्हा आम्ही फाटकापाशी गेलो. साहेबांनी चाचणी फेरी म्हणून परवानगी दिली होती. बंब केंद्राबाहेर पडतो तेव्हा टाकी भरलेली आणि माणसं बसलेली असावीच लागतात, म्हणून मागे दोन फायरमन होते. दुपारी चारची वेळ. फाटक बंद होतं, तेच हवं होतं. मालगाडी यायची होती. मागे ऑटो, मोटरसायकली, कडब्याचा एक ट्रॅक्टर लागला. आमचा ड्रायव्हर स्टिअरिंग धरून घामाघूम झालेला. मी चपला काढून, पाय वर घेऊन ऐटीत बसले होते, जणू सिनेमा बघायला आले आहे.

"काय दिसतं, भाऊ?"

"फाटक."

"अजून?"

"धूर," तो म्हणाला.

मला वाटलं, जुना धूर दिसतोय त्याला. मी समजावणीचा सूर लावला. तेवढ्यात वायरलेस खरखरला. वर्दी. रुळांपलीकडच्या वस्तीत गॅस सिलिंडरने पेट घेतला होता, घरात माणसं होती. आणि धूर खरा होता, झाडांवरून वर निघालेला.

मी त्याच्या हातांकडे बघितलं. आखडले होते. वीस वर्षांच्या विद्येतलं एक वाक्य मला आठवेना.

त्याने फाटकाकडे बघितलं, मग आरशात. "पुलावरून जातो," तो म्हणाला, मला नाही, स्वतःला. मग माझ्याकडे वळून खेकसला, "उतरा!"

"काय?"

"वर्दी हाये! बाहेरचं मानूस बंबात चालत नाही. उतरा लवकर!"

मी उतरले म्हणण्यापेक्षा सांडले. अनवाणी, पर्स आत, चपला आत. बंबाला मागे घ्यायला जागा नव्हती, मागे सगळं शहर लागलं होतं. तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, आणि ज्या बाई कॉलेजात शुद्ध भाषेत व्याख्यान देत त्यांच्या तोंडून निघालं, "अबे ओ ट्रॅक्टर! मांगं घे! आंधळा हायेस काय? ऑटोवाले भाऊ, तिकडं दाबा! तिकडं, बाप्पा, तिकडं!" डांबर तापलेलं होतं, मी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होते. लोकांना वाटलं बाईचंच घर जळतं आहे. झपाझप बाजूला झाले. बंब मागे आला, वळला, आणि घंटा वाजवत पुलाच्या रस्त्याने सुटला. माझ्याजवळून जाताना त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या न बघण्याचा आनंद काय सांगू! मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या.

पाच वाजून गेले तेव्हा बंब परत आला. मी फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर बाकावर मांडी घालून बसले होते, टपरीवाल्याचा उधारीचा तिसरा चहा हातात. ड्रायव्हर काजळीने माखलेला. खाली उतरून त्याने माझी पर्स आणि चपला पुढे ठेवल्या.

"दोन लेकरं आनि त्यायची आजी," तो म्हणाला. "तिघंबी बाहेर काढले. आजी तं मले शिव्या देऊन राहिली होती, टीव्ही काहून भिजवला म्हनून."

"आणि हात?"

त्याने पंजे उघडून बघितले, उलटे, सुलटे. "हात? ध्यानातच नाही राहिलं."

आदेश थांबला. त्याच ड्रायव्हरने पुढे निवृत्तीपर्यंत बंब चालवला. माझं सहा महिन्यांचं कंत्राट तेरा वर्षं चाललं, आणि आता अकोल्याला आणि अमरावतीला मी शिकवलेल्या सात पोरी हेच काम करतात. त्यांची पहिली परीक्षा मी केंद्राच्या अंगणात घेतली, हातात ब्रश देऊन. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी टपरीवर तो माझ्यासमोर उभाच होता, जात नव्हता. मला वाटलं, आभार मानायचे असतील, मी चेहरा तयार केला.

"काकू, उद्या माझ्यासाठी येऊ नका," तो म्हणाला. मग मागे बंबाकडे बघत आवाज खाली आणून, "मांगं बसला हाये ना, थो मोठ्या मिशांचा? त्याले वर्षभरापासून झोप नाही. मी सांगितलं त्याले, काकूले भेट म्हनून. फक्त हजेरीत नाव पुकारू नका त्याचं."