अलिबागच्या बाजारात भाव विचारण्याआधी

आईच्या गुडघ्यांनी जरा सवलत दिली, तेव्हा आम्ही दोघींनी अलिबागला जायचं ठरवलं. पुण्याहून थेट एसटी मिळते, हे एक कारण. दुसरं असं, की आईला घेऊन मला एकटीने प्रवास जमतो का, हे मला बघायचं होतं.

मार्च महिना होता. वडखळजवळ वाहतूक अडकते, त्यामुळे वेळेचा हिशोब मोकळा ठेवा. आमची बस पोयनाडच्या पुढेही बराच वेळ थांबली. रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. आईने खिडकीतून भाव विचारला, मान डोलावली आणि काच लावून घेतली.

"घ्यायचे नव्हते, तर कशाला विचारलंस?"

"विचारायला काय जातं?" आई म्हणाली. ती आयुष्यभर मंडईत अशीच फिरत आली आहे.

नागावला एका वाडीतल्या घरी उतरलो होतो. एसटी स्टँडाबाहेरून शेअर मिनीडोर, म्हणजे मोठ्या रिक्षा, मिळतात. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, पण वयस्क माणूस बरोबर असेल तर ड्रायव्हरला सांगा, पुढची जागा देतात. जेवणाचं मात्र सकाळीच सांगावं लागतं. इथे माणसं मोजून तांदूळ धुतात, ऐनवेळी जाऊन बसलं तर घरच्या कुणाच्या तरी ताटातलं कमी होतं. आणि कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल, तर ओहोटी कधी आहे ते मुक्कामाच्या घरी विचारून निघा. आम्ही विचारलं नाही. संध्याकाळी पोचलो तेव्हा मध्ये पाणी भरलेलं. किल्ला काठावरूनच पाहिला. आई म्हणाली, "इथूनच छान दिसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी बाजार पाहायला गेलो. आम्ही दोघी शाकाहारी, पण बाजार बघायला मला आवडतो. फोटो काढायचे तर आधी विचारा. मी विचारलं. आईनेही विचारलं, पण भाव. एका तरुण कोळणीपुढे सोनेरी, बोटाएवढ्या मांदेलीचे वाटे मांडलेले होते.

"केवढ्याला हो ही?"

"शंभरला वाटा. घे आजी, भवानी हाय."

"नाही हो, नुसतं विचारलं. आम्ही खात नाही."

शेजारची म्हातारी म्हणाली, "खात नाय, त इचारलंस कशाला गो?" पलीकडची दुसरी हसली, "हिरे, सासूची जागा मिलाली, सासूचं नशीब न्हाय मिलालं!"

हिरा हसली नाही. वाटे नीटच होते, तरी ती ते पुन्हा मांडत राहिली. म्हातारीनेच मग सांगितलं. जवळच्या थळ गावची सून ही. जन्मभर या जागेवर तिची सासू बसली. आता सासूचे पाय गेले, म्हणून आज पहिल्यांदाच ही एकटी आली होती. पहिलं गिऱ्हाईक भाव विचारून तसंच गेलं, तर दिवस गेला असं इथे धरतात. आणि हिचा तर पहिलाच दिवस.

भवानी पुण्यातही असते. पण तिथे विक्रेता फार तर तोंड वाकडं करतो. इथे सगळी रांग आमच्याकडे बघत होती. मी घाईने नोट पुढे केली. "पैसे ठेवा, मासळी तुमच्याकडेच राहू दे."

तिने माझा हात बाजूला केला. "फुकटची भवानी नको मना. म्हावरा नेशील, तवाच पैसे."

मला वाटलं होतं, मी मोठं मन दाखवतेय. प्रत्यक्षात मी तिला पहिल्याच दिवशी भीक देऊ पाहत होते.

आईने आपली कापडी पिशवी उघडली. याच पिशवीतून ती देवळात फुलं नेते. "घाल," ती म्हणाली. मग माझ्या हातातली नोट घेऊन तिने स्वतः हिराला दिली. हिराने ती कपाळाला लावली, टोपलीला टेकवली आणि कमरेला खोचली.

"सासूबाईंना सांग, जिना चढू नका म्हणावं," आई म्हणाली. "माझेही गुडघेच आहेत."

"व्हय, सांगते," हिरा म्हणाली, आणि तेव्हा कुठे हसली.

परतताना मिनीडोरच्या ड्रायव्हरने नाक वर केलं. "मांदेली?"

"हो. ताजी आहे," आई ऐटीत म्हणाली.

मुक्कामाच्या घरच्या वहिनींनी ती रवा लावून तळली आणि नाशिकहून आलेल्या पाहुण्यांना वाढली. आम्ही पलीकडे वालाची उसळ जेवत होतो. आईने दोनदा मान वळवून विचारलं, "कुरकुरीत झालीय ना?"

मला मात्र चैन पडेना. मी असल्या समजुती मानत नाही. मग हिराचा दिवस कसा गेला, याची मला एवढी काळजी का? शेवटी परतीच्या सकाळी, बस पकडण्याआधी, पुन्हा बाजारात गेलो.

"आली बघ माझी भवानी!" लांबूनच हिरा ओरडली. काल दुपारच्या आत टोपली रिकामी झाली होती म्हणे. मांदेली एरवीही खपलीच असती, असं मला वाटतं. पण हे मी तिथे बोलले नाही.

"आज काय इचारतंस, आजी?" शेजारच्या म्हातारीने टोमणा मारला.

"आज तोंडच उघडत नाही बाई," आई म्हणाली, आणि सगळी रांग हसली.

म्हणून अलिबागला जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: सकाळी बाजार जरूर बघा, पण घ्यायचं नसेल तर भाव विचारू नका. आणि चुकून विचारलाच, तर पिशवी जवळ असू द्या.

परवा आईबरोबर मंडईत गेले होते. सकाळची वेळ. मेथीच्या ढिगापाशी ती थांबली, तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "भवानी झाली का हो?"

"नाही अजून, आजी."

घरी मेथीच्या दोन जुड्या होत्या. आईने पिशवी उघडली. तीच. मी दोनदा धुतली, तरी तिला अजून अलिबागचा वास आहे, आणि आई ती बदलू देत नाही.