काखेतली पट्टी

विब्के बावीस वर्षं कपडे दुरुस्तीच्या दुकानात होती. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता असतो. गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसतं आणि सांगितलं तर आवडत नाही. म्हणून ती काही न बोलता कोटाच्या त्या बाजूला जाडसर गादी भरायची. दुकान बंद पडलं, तेव्हा विद्यापीठाच्या शरीररचना विभागात मदतनीस हवी होती. तळघरातलं काम. दानात आलेले देह सांभाळायचे, टेबलं मांडायची, विद्यार्थ्यांचं वर्ष संपलं की देह शिवून दहनाला पाठवायचे. विब्के टाके बारीक घालायची.

"शवपेटी तर बंदच होणार," नवरा म्हणायचा.

"तुझ्या कोटाचं अस्तर तरी कोण बघतं?" ती विचारायची.

आतले खांदेही सारखे नसतात, हे तिला तिथं कळलं. छातीचा स्नायू पुस्तकात दाखवतात तिथंच चिकटलेला असेल असं नाही. कुणाचा एक बरगडी सोडून पुढची धरतो, कुणाच्या छातीच्या मधल्या हाडावर एक जादा उभा पट्टा असतो. त्या वर्षी चार नंबरच्या टेबलावरच्या माणसाच्या उजव्या काखेत बोटभर रुंदीची पट्टी सापडली. पाठीच्या स्नायूतून निघून काखेवरून आडवी जाऊन ती छातीच्या स्नायूला मिळाली होती. विद्यार्थी गोळा झाले.

"शेकड्यात सात-आठ जणांना असते," सर म्हणाले. "बहुतेकांना मरेपर्यंत पत्ता नसतो. एखाद्याच्या मात्र हात वर धरला की नसा दाबल्या जातात, बोटांना मुंग्या येतात."

विद्यार्थ्यांना फक्त नंबर माहीत होता. नाव विब्केच्या वहीत होतं : एन्नो ओल्टमान.

नोव्हेंबरात देहदात्यांची स्मरणसभा झाली. मुलांनी व्हायोलिन वाजवलं, नावं वाचली, मग नातेवाइकांना चहा. विब्के चहा ओतत होती, तेव्हा काठी टेकत एक म्हातारी पुढे आली.

"मी गेशे ओल्टमान. तुम्ही खाली काम करता ना? मग माझ्या एन्नोला पाहिलं असेल. त्याच्या उजव्या हातात काही होतं का?"

देहाबद्दल घरच्यांना काही सांगायचं नाही, असा नियम होता. विब्केनं त्यावर सही केली होती.

"का हो, बाई?"

"पडदे. वर्षातून दोनदा धुऊन टांगायचे. हात वर केला की मिनिटभरात म्हणायचा, गेशे, बोटं बधिर झाली. डॉक्टरांना काही सापडेना. मी म्हणायचे, बिअरचा ग्लास धरताना कशी होत नाहीत बधिर. तर म्हणे, ग्लास खाली असतो." ती एकटीच हसली. "शेवटी मीच स्टुलावर चढले आणि खुबा मोडून घेतला. त्यानंतर अकरा वर्षं त्याला ऐकवलं. आता पडद्यांकडे बघितलं की वाटतं, तो खरं बोलत असेल तर?"

'काही नव्हतं' म्हटलं की ही बाई शांतपणे घरी जाईल, विब्केला वाटलं. आणखी एक गादी भरायची, एवढंच. तिनं किटली खाली ठेवली आणि स्वतःच्या उजव्या काखेपाशी हात नेला.

"इथं एक पट्टी होती. जन्मापासूनची. तिच्यामुळेच होत असेल असं खात्रीनं नाही सांगता येणार. पण होऊ शकतं."

"केवढी?"

विब्केनं बोट दाखवलं. ओल्टमानबाई त्या बोटाकडे बघत राहिल्या.

"तोही तिथंच हात लावून दाखवायचा," त्या म्हणाल्या. "मी बघायचेसुद्धा नाही."

तिकडच्या रीतीप्रमाणे, आणखी चहा नको म्हणून त्यांनी चमचा कपात ठेवला, मग काढून परत बशीत ठेवला.

"ओता अजून. त्याला शिवलं कोणी?"

"मीच."

"नीट?"

"बारीक टाक्यांनी."

"बरं झालं," ओल्टमानबाई म्हणाल्या. "मी शिवलेल्या बटणांना फार नावं ठेवायचा."