गवतातला रबरी बेडूक

इथे परदेशात, एटोबिकोतल्या आमच्या कॉन्डोमागच्या तळ्यावर शेजारचे काका रविवारीच मासे धरायला येतात. शनिवारी त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र वार. मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. आमिषांचा डबा उघडण्याआधी काठ न्याहाळतात. "गवत दाट आहे, आज बेडूकच. दुसरं काही अडकेल." मग रबरी बेडूक कमळाच्या पानांवर टाकतात, दोरी किंचित हलवतात आणि थांबतात. "घाई नको रे, खरा बेडूक घाई करतो का?" असं मलाच दटावतात, जणू काठी माझ्या हातात आहे.

पाणी उसळतं, बास मासा बेडकावर झडप घालतो, काका "आला, आला!" म्हणून ओरडतात आणि मासा हमखास सुटतो. वयाने हात मंदावला असेल, असं मला वाटायचं.

परवा दोरी शेवाळात गुंतली, ती मी सोडवली. बेडूक हातात आला, तर त्याला गळच नव्हते. पक्कडीने कापलेले. डब्यातल्या सगळ्यांचेच.

"काका, हे काय?"

"आमच्यात खवल्यांचाच मासा चालतो. हा न्यायचो, तुझी काकू नारळाच्या दुधात कालवण करायची." ते पानांकडे बघत राहिले. "रांधणारी गेली. मासा मात्र आहे अजून. त्याला भेटून जातो."