मोहाच्या दारूची पारख

पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा खुर्सीपारच्या एका भट्टीवर अहिवाऱ्यासारख्या तीन गावांहून मोहाची दारू यायची. प्रत्येक गावचा हात वेगळा. भंडाऱ्याकडचा मी, मला मोह कोण शिकवणार? थेंब आगीवर टाकायचा, निळा भडका उठला की माल चोख, हा माझा कायदा.

भट्टीवाली म्हातारी गोंदियाकडची. ती म्हणाली, "भडक्यानं जोर समजते बापू, चव नाही. तळहातावर चोळ अन् हुंग."

ड्यूटीवरून तसाच आलेला मी ऐटीत चोळून हुंगलं आणि ओरडलो, "हे अहिवाऱ्याची काय? लोखंडाचा वास येऊन राहिला! भेसळ हाय!"

तिनं शांतपणे पाण्याचा लोटा पुढे केला.

"पयले हात धू. थो वास तुयाच हाय."