सफाई

कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून काका हळूच ओढायचे, उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, "चालते. पर सफाई नाही."

नेरच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाची प्रत ठरवायचे आणि मी काट्यावर वजन करायचो. त्यांचं हे वाक्य चहापासून सोयरिकीपर्यंत सगळ्याला लागू होतं. माझ्या लग्नाचे फोटो पाहूनही ते हेच म्हणाले. बायको अजून विसरलेली नाही.

या गृहस्थांना नाद मात्र वेगळाच. दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं. नागपूरला गेले की प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा एक डबा आणायचे, महिनाभर जोडत बसायचे, रंगवायचे. स्वतः विमानात कधी बसले नाहीत, आणि बसायची हौसही नव्हती.

पण जिनिंगशेजारी राहून विमान रंगवायचं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. हवेत सगळी रुई. रंग ओला असेतो पंखावर पांढरी लव बसलीच म्हणून समजा.

"पावसायात रंगवा न मंग, काका," मी म्हणायचो. तेव्हा जिनिंग बंद असायचं.

"पावसायात रंग वायत नाही, भाऊ."

एकदा मच्छरदाणी लावून आत बसून रंगवलं. तरी रुई आलीच. ती त्यांच्याच सदऱ्यावर, डोक्यात होती. काकू हसून म्हणाल्या, "याहीचे इमानं उडायच्या आदीच म्हातारे झाले."

एक तरी विमान स्वच्छ निघावं, एवढीच त्यांची इच्छा. दुसरं काही मागताना मी त्यांना पाहिलं नाही.

ती वर्षं वाईट होती. कापूस यायचा तो किडून कवडी झालेला, पिवळट, पानांचा चुरा भरलेला. गाड्यांची रांग फाटकाबाहेर जायची आणि हे एकेकाच्या तोंडावर सांगत सुटायचे, सफाई नाही. शिव्या ऐकायची त्यांना सवय होती. पण एक म्हातारा भांडला नाही. "आता घरी काय सांगू, तुमीच सांगा," एवढंच म्हणाला. त्या संध्याकाळी काकांनी एका विमानाची चाकं वरच्या अंगाला चिकटवली. मी दाखवलं तर म्हणाले, "राहू दे. दिवसभर लोकायचं मोडून राह्यलो, घरी येऊन काईतरी जोडतो, एवढंच."

मग एका हंगामात जिनिंग उघडलंच नाही. कापूसच नव्हता. आवारात गंजीच्या जागी गवत वाढलं.

दिवाळीनंतर त्यांनी मला घरी बोलावलं. टेबलावर नवं विमान होतं. हिरवं, तुकतुकीत, काचेसारखं गुळगुळीत. त्यांनी ते चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिलं.

"काका, आता तर सफाई हाये!" मी म्हणालो.

ते पंखावरून अंगठा फिरवत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

"हाये," ते म्हणाले. "पर हे नेरचं वाटत नाही मले. तू घेऊन जाय."

पुढे ते लेकीकडे अमरावतीला राहायला गेले. जाताना लव आलेली सगळी विमानं गोधड्यांत गुंडाळून सोबत नेली. तिकडेच वारले.

स्वच्छ विमान माझ्याकडे आहे. अधूनमधून पुसतो. फडक्याला नुसती धूळ लागते.